दोन चाकं शोधणारा डॉक्टर : सर हान्स क्रेब्ज

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहून द्या, असं संपादक मंडळानं मला सुचवलं. शिवराय, सावित्रीबाई, टिळक, आगरकर यांच्यावर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहिणारे आपल्या तिन्ही विंगमध्ये आहेत. माझी सगळी नोकरी इस्पितळाच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये, रक्त-लघवीच्या बाटल्यांच्या संगतीत गेली. तेव्हा ज्यांच्या कामावर माझं पोट भरलं, अशा एका माणसाची गोष्ट सांगते. त्यांचं नाव सर हान्स क्रेब्ज.

नाव परकं वाटलं तर घरातल्या दहावीच्या मुलांना विचारा. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे चक्र आहे. मुलं ते मार्कांसाठी पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्या चक्रामागचा माणूस कसा होता, आणि त्या चक्राशी आपल्या घरातल्या पाळण्याचा काय संबंध, हे मात्र पाठांतरात राहून जातं. तेवढंच सांगायचा हा प्रयत्न.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. वाण्याकडे पुडीत मिळणारं लिंबाचं सत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड. ढोकळ्यात, सरबतात आपण ते चिमूटभर घालतो. लिंबाचा आंबटपणा मुख्यतः त्याचाच. कार्ल शेले या स्वीडनमधल्या औषधविक्रेत्यानं १७८४ साली लिंबाच्या रसातून ते प्रथम वेगळं काढलं. पुष्कळांना सायट्रिक ॲसिड म्हणजेच क जीवनसत्त्व असं वाटतं, पण ते दोन निरनिराळे पदार्थ आहेत. आणि गंमत अशी, की ज्यानं जन्मात लिंबू चाखलं नाही त्याच्याही शरीरात हे ॲसिड क्षणोक्षणी तयार होतं आणि क्षणोक्षणी संपतं. ते कशासाठी, हे क्रेब्जनी १९३७ साली जगाला दाखवलं.

हान्सचा जन्म २५ ऑगस्ट १९०० चा, जर्मनीतल्या हिल्डेसहाइम या जुन्या गावातला. वडील कान-नाक-घशाचे डॉक्टर. थोरली बहीण, मधला हान्स आणि धाकटा भाऊ. घराणं ज्यू वंशाचं, पण घरात धर्माचं फारसं काही नव्हतं. आपण जर्मन आहोत आणि इथल्या लोकांत मिसळून राहायचं, अशी वडिलांची ठाम समजूत. १९१८ साली शाळा संपते न संपते तोच पहिल्या महायुद्धासाठी हान्सला सैन्यात बोलावलं. दोनेक महिन्यांत युद्धच संपलं, आणि पोरगा सुटला तो थेट वैद्यकीच्या अभ्यासाला लागला. गटिंगेन, फ्रायबुर्ग, म्युनिक, बर्लिन असं शिक्षण झालं आणि १९२५ साली हॅम्बुर्गची एमडी पदवी मिळाली.

वडिलांसारखा दवाखाना थाटला असता तर सुखात दिवस गेले असते. पण त्यांचा जीव रसायनशास्त्रात अडकला होता. १९२६ साली ते बर्लिनच्या डालेम भागात ओटो वॉरबर्ग या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली लागले. वॉरबर्ग शिस्तीचे कडक आणि मोजमापाचे पक्के. त्यांची एक पद्धत होती. प्राण्याच्या अवयवाचा कागदासारखा पातळ काप घ्यायचा, तो काचेच्या लहान भांड्यात ठेवायचा आणि भांड्याला जोडलेल्या नळीतल्या द्रवाची पातळी किती हलते त्यावरून त्या कापानं किती ऑक्सिजन घेतला ते मोजायचं. या उपकरणाला मॅनोमीटर म्हणतात. काप मेलेला नसतो, काही तास तो जगत असतो, म्हणजे जिवंत शरीरात काय चाललंय ते बाहेर बसून बघता येतं. क्रेब्ज ही विद्या चार वर्षं शिकले. १९३० मध्ये वॉरबर्गनी त्यांना दुसरीकडे नोकरी बघायला सांगितलं. मग आल्टोना आणि नंतर फ्रायबुर्ग इथल्या रुग्णालयांत रुग्ण बघायचे आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा क्रम सुरू झाला.

फ्रायबुर्गला १९३१ साली कुर्ट हेन्सेलाइट या विद्यार्थ्याला हाताशी धरून त्यांनी एक जुना प्रश्न घेतला. आपण डाळी, दूध, अंडी, मांस खातो. त्यातल्या प्रथिनांचा वापर होताना शरीरात अमोनिया तयार होतो. अमोनिया हे विष आहे, आणि मेंदूला तर फारच वाईट. म्हणून यकृत त्याचा युरिया करून टाकतं आणि मूत्रपिंडं तो लघवीवाटे बाहेर सोडतात. एवढं तेव्हाही ठाऊक होतं, पण यकृत हे करतं कसं ते कोणाला सांगता येत नव्हतं.

क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी यकृताचे काप घेतले, त्यांना अमोनिया दिला आणि बरोबर एकेक पदार्थ घालून बघायला सुरुवात केली. ऑर्निथिन नावाचं अमिनो ॲसिड घातलं, तेव्हा युरियाचा वेग एकदम वाढला. नवल पुढेच होतं. ऑर्निथिन अगदी थोडं घातलं तरी युरिया भरपूर तयार होई, आणि ऑर्निथिन संपत नसे. म्हणजे ते खर्च होत नव्हतं, पुन्हा पुन्हा वापरलं जात होतं.

आपल्यापैकी ज्यांचं बालपण गावाकडे गेलं त्यांनी विहिरीवरचं रहाटगाडगं पाहिलं असेल. गाडगी रिकामी खाली जातात, भरून वर येतात, पाटात पाणी ओततात आणि तीच गाडगी पुन्हा खाली जातात. पाणी शंभर घागरी निघालं तरी गाडगी तेवढीच. यकृतात तसंच आहे. ऑर्निथिन अमोनिया घेऊन सिट्रुलिन होतं. हे सिट्रुलिन जपानी शास्त्रज्ञांनी कलिंगडाच्या रसातून वेगळं काढलं होतं. सिट्रुलिनचं आर्जिनिन होतं, आर्जिनिनमधून युरिया सुटा होतो आणि उरतं ते पुन्हा ऑर्निथिन. १९३२ साली हे प्रसिद्ध झालं. शरीरातलं रसायन सरळ रेषेत न जाता चाकासारखं फिरतं, हे इतक्या नेमकेपणानं पहिल्यांदाच दाखवलं गेलं. क्रेब्जचं वय तेव्हा बत्तीसच्या आत होतं.

वर्षभर कौतुक झालं. मग ३० जानेवारी १९३३ ला हिटलर सत्तेवर आला. ७ एप्रिलला कायदा निघाला, की ज्यू वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीत ठेवायचं नाही. त्याच महिन्यात क्रेब्जना काढून टाकल्याची नोटीस मिळाली. कामात कसूर नव्हती, रुग्णांची तक्रार नव्हती. वडील आयुष्यभर ज्या समाजात मिसळून राहायला धडपडले त्या समाजानं सांगितलं, की तुझं रक्तच सदोष आहे.

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण मला पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

केंब्रिजच्या सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी त्यांना आपल्याकडे बोलावलं. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशांतून निर्वाहाची सोय झाली. जून १९३३ मध्ये क्रेब्ज इंग्लंडला निघाले, तेव्हा बरोबर घेतलं ते प्रयोगाचं सामान. मॅनोमीटर होते, म्हणजे पुन्हा कामाला लागता येणार होतं. दोन वर्षांनी, १९३५ साली, शेफील्ड या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात त्यांना व्याख्याता म्हणून जागा मिळाली. तिथं त्यांना दुसरं चाक सापडलं.

प्रश्न असा होता. आपण खातो त्या अन्नाचं शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, आणि त्यातून ताकद मिळते. चुलीत लाकूड जळतं तसंच हे जळणं, पण ज्योत नाही, धूर नाही, अंग भाजत नाही. मग हे जळणं टप्प्याटप्प्यानं होत असणार. ते टप्पे कोणते? हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून काही ॲसिडं या जळण्याला वेग देतात हे दाखवलं होतं. हा स्नायू उडण्यासाठी सतत राबतो, म्हणून ऑक्सिजनही झपाट्यानं वापरतो. मार्टियस आणि क्नूप या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १९३७ च्या सुरुवातीला सायट्रिक ॲसिडचं पुढे काय होतं ते शोधलं. गोधडीचे तुकडे असे निरनिराळ्या घरांत पडलेले होते. ते जोडून चौकट पुरी केली क्रेब्जनी.

विल्यम जॉन्सन हा विद्यार्थी बरोबर होता. कबुतराच्या स्नायूचा किमा करून त्यात त्यांनी थोडंसं सायट्रिक ॲसिड घातलं. ते स्वतः जळायला जेवढा ऑक्सिजन लागला असता, त्याहून कितीतरी जास्त ऑक्सिजन स्नायूनं घेतला. ऑर्निथिनचीच गोष्ट पुन्हा! मग त्यांनी एक युक्ती केली. मॅलोनेट नावाचं रसायन घालून मधला एक टप्पा मुद्दाम अडवला आणि काय साचतं ते मोजलं. अडवलेल्या जागेच्या पुढचा पदार्थ घातला, तरी अडवलेल्या जागेच्या मागचाच पदार्थ साचला. पुढे निघालेला माणूस मागच्या दाराशी पोचतो, तो रस्ता गोल असेल तरच.

तो गोल रस्ता थोडक्यात असा. जेवणातली साखर, पिठूळ पदार्थ, तेल-तूप यांचे तुकडे होता होता दोन कार्बनचा एक लहान तुकडा उरतो. तो ऑक्झॅलोॲसेटिक ॲसिड या चार कार्बनच्या पदार्थाला जोडला जातो आणि सहा कार्बनचं सायट्रिक ॲसिड तयार होतं. मग एकेक पायरीनं त्यातले दोन कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात, वाटेत शरीराला ऊर्जा मिळते, आणि शेवटी पुन्हा तेच चार कार्बनचं ॲसिड मोकळं होतं, पुढचा तुकडा घ्यायला. आपण आत्ता हा लेख वाचताना डोळ्यांच्या, मेंदूच्या, हृदयाच्या पेशींत हे चाक फिरतंय. ते थांबलं तर आपण थांबलो.

क्रेब्जनी हा शोध जून १९३७ मध्ये नेचर या प्रतिष्ठित नियतकालिकाकडे पाठवला. काही दिवसांतच तो परत आला. आमच्याकडे आधीच सात-आठ आठवडे पुरतील एवढी पत्रं पडून आहेत, असं संपादकांचं कारण. क्रेब्जनी त्रागा केला नाही. तोच मजकूर सविस्तर करून हॉलंडच्या एन्झायमोलोजिया या नियतकालिकात छापून आणला. याच शोधासाठी पुढे त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे नोकरीचा, कॉलेजच्या प्रवेशाचा नकार आला की मुलं आठ-आठ दिवस खोलीचं दार उघडत नाहीत. त्यांना ही हकीगत जरूर सांगा.

१९३८ साली त्यांचं लग्न यॉर्कशरच्या मार्गारेट फील्डहाउस यांच्याशी झालं. दोन मुलगे, एक मुलगी. १९३९ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व मिळालं आणि लगेच दुसरं महायुद्ध सुरू झालं. युद्धात अन्नधान्याचे हाल, तेव्हा माणसाला किमान किती जीवनसत्त्व पुरतं हे सरकारला हवं होतं. शस्त्र हाती धरायला सद्सद्विवेकानं नकार देणारे काही तरुण शेफील्डमध्ये स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून घ्यायला तयार झाले होते. त्यांच्यावरच्या क जीवनसत्त्वाच्या अभ्यासात क्रेब्ज होते. स्कर्व्ही टाळायला दिवसाला दहा मिलिग्रॅम पुरतात, असं त्यातून दिसलं.

१९५३ चं नोबेल त्यांना फ्रिट्झ लिपमन यांच्याबरोबर विभागून मिळालं. दोन कार्बनचा तो तुकडा चाकापर्यंत आणून पोचवणारा हमाल, को-एन्झाइम ए, लिपमन यांनी शोधला होता. लिपमनही ज्यू, तेही तरुणपणी डालेमच्याच संस्थेत शिकलेले, आणि त्यांनाही देश सोडावा लागलेला. १९५४ साली क्रेब्ज ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले आणि १९५८ मध्ये सर.

आता पाळण्याचा विषय.

आपल्या बिल्डिंगचा ड्रेनेजचा पाइप तुंबला की प्लंबर काय करतो? कोणत्या मजल्यापर्यंत पाणी चढलंय ते बघतो आणि चोकअप कुठं आहे ते सांगतो. पण पाइप कसा गेला आहे, हे माहीत असेल तरच त्याला ते सांगता येतं. शरीराचंही तसंच. काही बाळं जन्मतःच एखादं एन्झाइम कमी घेऊन येतात. आर्चिबाल्ड गॅरड या इंग्रज डॉक्टरनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अशा आजारांची कल्पना मांडली होती. अशा काही मुलांचे आईवडील एकमेकांचे चुलत-मामे नातलग असतात, हेही त्यांच्या नजरेला आलं होतं. पण पाइपचा नकाशाच नव्हता, तर चोकअप दाखवणार कुठं? नकाशाचे दोन मोठे भाग क्रेब्जनी काढून दिले.

त्यांच्या पहिल्या चाकाचा उपयोग त्यांच्या हयातीतच दिसला. १९५८ साली लंडनच्या डॉक्टरांना दोन भावंडांच्या लघवीत एक अमिनो ॲसिड ढिगानं सापडलं. युरियाच्या चाकातली एक पायरी त्या मुलांत नीट चालत नव्हती आणि तिथला माल तुंबून बाहेर येत होता. त्यानंतर या चाकाच्या इतर पायऱ्यांचेही आजार एकेक करून ओळखले गेले.

दुसऱ्या चाकाची गोष्ट जास्त चमत्कारिक आहे. प्रोपिऑनिक ॲसिडिमिया नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. काही अमिनो ॲसिडांचे तुकडे होताना तीन कार्बनचा एक तुकडा तयार होतो. तो पुढे ढकलणारं एन्झाइम या बाळांत चालत नाही, म्हणून तुकडे साचत जातात. मग दोन कार्बनच्या तुकड्याच्या जागेवर हा तीन कार्बनचा आगंतुक घुसतो, आणि सायट्रिक ॲसिडऐवजी मिथाइलसायट्रिक ॲसिड तयार होतं. दिसायला सायट्रिक ॲसिडचं सख्खं भावंड, पण कामाला अडथळा. चाकाच्या दात्यांत खडा अडकावा तसं ते ऊर्जेचं चाक अडवतं. शिवाय साचलेल्या त्या तुकड्यांमुळे यकृतातलं युरियाचं चाकही मंदावतं आणि रक्तात अमोनिया चढतो. एकाच आजारात क्रेब्जची दोन्ही चाकं अडतात. आणि १९७० च्या दशकापासून लघवीत सापडणारं तेच मिथाइलसायट्रिक ॲसिड ही या आजाराची खूण झाली. चोर आपल्या पावलांचे ठसे ठेवून जातो, तसं.

अशी बाळं जन्मताना छान असतात. पोटात असेपर्यंत आईचं शरीर त्यांचं काम करून देत असतं. दूध सुरू झालं की दोन-चार दिवसांत बाळ सुस्तावतं, दूध ओढत नाही, उलट्या करतं, श्वास जोरानं घेतं, अंग टाकतं. बाहेरून बघणाऱ्याला जंतुसंसर्ग वाटतो.

इथं मला माझ्या थोरल्या मावशीबद्दल लिहायचं आहे. ती आता नाही. तिचं लग्न तिच्या मामाच्या मुलाशी झालं होतं, आपल्याकडे पुष्कळ घरांत होतं तसं. पहिली दोन्ही बाळं गोरीगोमटी, वजनदार. दोन्ही चौथ्या-पाचव्या दिवशी दूध सोडून झोपली ती उठली नाहीत. तिसरी मुलगी जगली, आज ती आजी आहे. बाळांना काय झालं हे सांगणारी एकही तपासणी तेव्हा आमच्या तालुक्यात नव्हती, पण कारण सांगणारी तोंडं पुष्कळ होती. कोणी दृष्ट म्हणालं, कोणी करणी. बहुतेकांनी मावशीलाच पांढऱ्या पायाची ठरवलं. तिच्या दुधातच विष आहे, असंही बोललं गेलं. बारशाला, डोहाळजेवणाला तिला बोलावणं बंद झालं. काकांना कोणी काही बोललं नाही, हे मला लहानपणीही खटकायचं.

मी लॅबमध्ये लागल्यावर एकदा सुट्टीत तिच्याकडे गेले होते. कॅलेंडरच्या पानामागे क्रेब्जची दोन्ही चाकं काढून मी तिला दाखवली. तुझ्या बाळांना नेमका हाच आजार होता असं मी म्हणत नाही, पण असे आजार असतात आणि ते असे चालतात, एवढं सांगितलं. दोष आई आणि बाप दोघांकडून अर्धा-अर्धा यावा लागतो, दोघेही स्वतः ठणठणीत असतात, आणि प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते, हेही सांगितलं. तिनं चाकं समजून घ्यायचा प्रयत्न केला नाही. दोघांकडून म्हणजे नक्की दोघांकडून ना, एवढंच दोनदा विचारलं. मग ते पान घडी करून देवघरातल्या पोथीत ठेवलं.

माझ्या मते क्रेब्जच्या कामाचं मोल तिथं आहे. ज्या माणसाला सदोष रक्ताचा म्हणून देशाबाहेर काढलं, त्यानंच काढलेल्या नकाशावरून पुढे कळलं, की रक्तातला खरा दोष म्हणजे एखाद्या एन्झाइमची चूक. तो मोजता येतो, त्याला नाव देता येतं. तो कोणाचं पाप नसतो, कोणाचा अपशकुन नसतो.

आज परिस्थिती बदलली आहे. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या चार थेंबांवरून असे अनेक आजार टँडेम मास या तपासणीत पकडता येतात. लघवीतली ऑरगॅनिक ॲसिडं आणि रक्तातला अमोनिया मोठ्या शहरांत मोजून मिळतो. वेळेवर कळलं तर प्रथिनं थांबवून सलाइनमधून ग्लुकोज देतात, अमोनिया उतरवणारी औषधं देतात, गरज पडली तर डायलिसिस करतात. पुढे मोजून-मापून प्रथिनं, खास दुधाची पावडर आणि औषधं द्यावी लागतात. सगळी बाळं वाचतात असं नाही, पण तास-दोन तासांचा फरकही मोठा असतो. म्हणून सोसायटीतल्या सर्व सुना-लेकींना आणि त्यांच्या सासवांनाही माझं सांगणं आहे. घराण्यात पूर्वी कोणाची तान्ही बाळं कारण न कळता गेली असतील, किंवा लग्न नात्यात झालं असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. लपवू नका. दूध न ओढणाऱ्या, सुस्तावलेल्या नवजात बाळाला घरी अंगारा लावत बसू नका. आणि कोणत्याही आईच्या पायाचा रंग काढू नका.

क्रेब्जकडे परत येते. १९६७ साली ते ऑक्सफर्डमधून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर आपण गच्चीत कुंड्या लावतो, नातवंडांना शाळेत सोडतो. क्रेब्जनी ऑक्सफर्डमधल्याच रॅडक्लिफ इन्फर्मरी या रुग्णालयात प्रयोगशाळा थाटली आणि पुढची चौदा वर्षं काम केलं. तरुणपणी जसे रुग्णालयात बसून प्रयोग करत, तसेच उतारवयातही रुग्णालयातच. २२ नोव्हेंबर १९८१ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते. त्यांचा मुलगा जॉन हाही नामवंत शास्त्रज्ञ झाला.

आणखी एक गोष्ट सांगून थांबते. २०१५ साली क्रेब्ज कुटुंबानं त्यांचं नोबेल पदक लिलावात विकलं. त्यातून उभ्या राहिलेल्या विश्वस्त निधीतून तरुण संशोधकांना, आणि स्वतःचा देश सोडून पळावं लागलेल्या शास्त्रज्ञांना मदत व्हावी, अशी योजना केली. हॉपकिन्सनी १९३३ साली एका निर्वासिताला जागा दिली होती. ते देणं कुटुंबानं असं पुढे दिलं.

आपणही पंचवीस वर्षांपूर्वी निरनिराळ्या गावांहून, निरनिराळ्या जातीधर्मांचे लोक इथं येऊन एकमेकांचे शेजारी झालो. पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्या प्रत्येक घरात पाळणा हलो, त्यातलं बाळ सुखरूप वाढो, आणि नव्यानं राहायला येणाऱ्या कोणालाही त्याचं रक्त विचारण्याची वेळ आपल्यावर न येवो, हीच रौप्यमहोत्सवानिमित्त सदिच्छा!